घरी राहण्याचा पगार

रत्नागिरीत गणपतीची रजा मागावी लागत नाही. मूल सांभाळायला येणारी मावशी श्रावणात कधीतरी सांगून टाकते, "वहिनी, गौरी-गणपतीचे सात दिवस मी नाय हां," आणि वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. मुंबईहून घरची माणसं यायची असतात, चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या कोकणाकडे निघालेल्या असतात. त्या दिवसांत कुणी कुणाला कामावर बोलवत नाही. शिमग्यात पालखी दारात यायची असते तेव्हाही तसंच. बऱ्याच घरांत त्या दिवसांचे पैसे कापायचं मनातही येत नाही, कारण ती रजा साऱ्या गावाला ठाऊक असते.

तापाची रजा मात्र दर वेळी नव्याने मागावी लागते. सकाळी साडेसातला फोन येतो, "वहिनी, अंग जरा मोडून आलंय, पन येते मी." मावशीला घरी पडून राहायचं असतं, पण किती खाडे धरले जातील आणि महिनाअखेरीला हातात किती पडेल, हे तिला माहीत नसतं. इकडे वहिनीला बाळाची काळजी असते. पण दहाच्या आत ऑफिसात पोचायचं असतं आणि सासूबाई देवरुखला असतात. मग दोघी मिळून तापाला लहान करतात. पावसाळ्यात सर्दी व्हायचीच, गोळी घ्या, तोंडाला रुमाल बांधा आणि या. दोघींपैकी कुणी वाईट वागलेलं नसतं. त्या तापाचं काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं, एवढंच. पण त्याची किंमत चौदा महिन्यांचं पोर भरतं, नाहीतर मावशीची तब्येत भरते, आणि पुष्कळदा दोन्ही.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. लागण होणाऱ्या आजाराच्या दिवसांत मावशी आपल्या घरी येत नाही, तेव्हा ती काम चुकवत नसते. आपल्या बाळापासून रोग लांब ठेवणं हेच त्या दिवसांचं तिचं काम असतं आणि ते तिला स्वतःच्या घरी राहूनच करता येतं. म्हणून त्या दिवसांचा पगार म्हणजे मेहेरबानी नाही. पुढे फेडायची उचलही नाही. तो झालेल्या कामाचा पगार आहे.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण महिनाअखेरीला पैसे मोजताना मन मागे सरतं. म्हणून एक उदाहरण धरून सावकाश पाहू.

समजा, साळवी स्टॉपजवळ एका सोसायटीत राहणारं जोडपं आहे. ती बँकेत, तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. तिची प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि बाळाला बघायला खेडशीहून मावशी येऊ लागल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पगार नऊ हजार. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले तर रोजचे साधारण ३४६ रुपये होतात. आता मावशींना कांजिण्या आल्या. मोठ्या माणसाला कांजिण्या लहान मुलापेक्षा जड जातात. पहिले चार दिवस अंगात सणसणून ताप आहे, उठवत नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. मावशी म्हणतात, मी आता बरी आहे, येते. पण फोड अजून ओले आहेत. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होऊ शकते, त्यामुळे घरून निरोप जातो, अजून चार दिवस येऊ नका. एकूण आठ दिवस. खाडे कापले तर सुमारे २,७७० रुपये गेले, म्हणजे पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

आठ खाडे एकाच रंगाचे दिसतात, पण ते तसे नाहीत. पहिले चार दिवस तिला काम करवत नव्हतं. पुढचे चार दिवस ती काम करू शकत होती, यायला तयार होती, आणि आपण तिला येऊ नका म्हटलं. पहिले चार आजारपणाचे, दुसरे चार आपल्या गरजेचे. आपल्या गरजेसाठी कुणाला थांबवून ठेवलं तर त्याचा वेळ आपण घेतलेला असतो. एसटीच्या ड्रायव्हरला मुक्कामाची गाडी दिली तर रात्री तो झोपला म्हणून त्याचा तो दिवस कुणी कापत नाही.

हा फरक माझ्या डोक्यातून निघालेला नाही. सरकारी नोकरांच्या जुन्या सेवानियमांत क्वारंटाइन लीव्ह नावाची एक वेगळीच रजा होती. प्लेग, पटकी, देवी असे रोग गावोगाव फिरत होते तेव्हाचे हे नियम. कर्मचाऱ्याच्या घरात असा रोग शिरला आणि त्याने कचेरीत येणं इतरांना धोक्याचं आहे असं आरोग्य अधिकाऱ्याने लिहून दिलं, तर त्याला एकवीस दिवसांपर्यंत, आणि फारच अडचण असेल तर तीस दिवसांपर्यंत, घरी राहायला सांगत. ते दिवस त्याच्या रजेच्या खात्यातून वजा होत नसत. पगार चालू राही. नियमाच्या भाषेत तो कामावरून गैरहजर मानलाच जात नसे. आणि त्याच नियमात पुढे असंही होतं की कर्मचारी स्वतःच आजारी पडला तर मात्र त्याने नेहमीची आजारपणाची रजा घ्यावी. म्हणजे कारकुनाच्या बाबतीत सरकारने हे दोन प्रकार कधीच वेगळे केले होते: अंगात रोग असणं एक, आणि रोग पुढे जाऊ नये म्हणून बाजूला थांबणं दुसरं. दुसऱ्याचा भार ज्याच्या भल्यासाठी माणूस थांबतो त्याने उचलायचा.

मावशींच्या घरात असाच प्रसंग आणखी स्पष्टपणे येतो. त्या ठणठणीत आहेत, पण त्यांच्या मुलाला शाळेतून कांजिण्या आल्या. आपलं बाळ लहान, त्याला अजून लस दिलेली नाही. आपण म्हणतो, तुम्ही काही दिवस येऊ नका. त्यांना काही झालेलं नाही, त्यांचा काही दोष नाही, रजा त्यांनी मागितलेली नाही. इथे एक रुपया तरी कोणत्या हिशोबाने कापणार? आणि इथे थोडी माहिती असेल तर पैसेही वाचतात. मावशींना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील तर बहुतेक वेळा त्यांना थांबवण्याचं कारणच नसतं. झाल्या नसतील आणि लसही घेतलेली नसेल, तर संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांत रोग बाहेर पडू शकतो आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते, म्हणजे वाट पाहायची मुदत लांबते. तेव्हा हा प्रश्न कामावर ठेवतानाच विचारावा, आणि नसतील झाल्या तर मोठ्या माणसांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने देतात ते लसीचे दोन डोस आपल्या खर्चाने द्यावेत. तो खर्च दोन आठवड्यांच्या खोळंब्यापुढे काहीच नाही.

पैसे न देता नुसतं "येऊ नका" म्हटलं तर काय होतं, याची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका घरकाम करणाऱ्या बाईचीच आहे. मेरी मॅलन ही आयर्लंडहून न्यूयॉर्कला गेलेली स्वयंपाकीण. श्रीमंत घरांत रांधायची, हाताला चव होती. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे इथल्या एका घरात ती कामाला असताना अकरापैकी सहा माणसांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर नावाच्या तपासनिसाने माग काढत तिला गाठलं. तिला स्वतःला कसलाही त्रास नव्हता, पण तिच्या शरीरात रोगाचे जंतू होते आणि तिच्या हातच्या अन्नातून ते पसरत होते. १९०७ मध्ये तिला एका बेटावरच्या रुग्णालयात अडकवून ठेवलं. १९१० मध्ये, पुन्हा स्वयंपाक करणार नाही असं वचन घेऊन, सोडलं. तिला कपडे धुण्याचं काम दिलं गेलं. त्यात स्वयंपाकाच्या मानाने पैसे कमी मिळत. काही काळाने ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, त्यातले दोघे मेले, आणि तिथे रांधणारी बाई मेरी निघाली. तिला पुन्हा बेटावर नेलं. १९३८ मध्ये मरेपर्यंत, तेवीस वर्षं, ती तिथेच राहिली.

तिला हट्टी, खोटारडी, खुनी, सगळं म्हटलं गेलं. तिच्या हातून माणसं मेली हेही खरं आहे. पण मला या गोष्टीत एक जागा फार अस्वस्थ करते. शहराने तिला सांगितलं की तुला येणारं एकमेव चांगलं काम तू करू नकोस, आणि त्या कामाचे पैसे कोण देणार हे काही सांगितलं नाही. तिने थांबावं ही सगळ्या न्यूयॉर्कची गरज होती आणि तिचा खर्च मात्र तिच्या एकटीच्या पदरात टाकला होता. १९१० मध्ये तिला स्वयंपाकिणीच्या पगाराइतके पैसे घरबसल्या दिले असते तर १९१५ ची ती माणसं वाचली असती का? निश्चित कोण सांगणार, पण ज्या शहराने नंतर तेवीस वर्षं तिला पोसलं, त्याला ते परवडलं असतं.

आपल्या घरात याचं छोटं रूप रोज घडतं. ज्या बाईला ठाऊक असतं की ताप सांगितला तर खाडा पडणार, ती ताप सांगत नाही. ती पॅरासिटामॉल घेऊन येते, दुपारपर्यंत अंग गार राहतं आणि दुपारी बाळाला भरवताना पुन्हा चढतं. हाताला पुरळ आलं तर ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती तेव्हा काळा चष्मा लावून कामावर गेलेल्या बायका सगळ्यांनीच पाहिल्या. आपण तिला अप्रामाणिक म्हणतो. पण खरं सांगण्यावर दंड आपणच लावलेला असतो. मग खरी बातमी आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि लहान मुलाच्या घरात वेळेवर कळलेली खरी बातमी औषधाइतकीच मोलाची असते.

आता उलटी बाजू. रोग मावशींकडून बाळाकडे येतो, या एकाच दिशेचा विचार आपण करतो. प्रत्यक्षात लहान मुलं हीच घरातल्या सर्दी-तापाची मोठी खाण असतात. पाळणाघरातून, बागेतून, वाढदिवसातून ती काहीतरी घेऊन येतात आणि मग त्यांचं नाक पुसणारी, उलटी आवरणारी, लंगोट बदलणारी, रडतं पोर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारी बाई दिवसाचे नऊ तास त्या जंतूंच्या सर्वांत जवळ असते. हात-पाय-तोंडाचा तो फोडांचा आजार, जुलाब, फ्लू, खरूज, काहीही घ्या. सांभाळणाऱ्यालाच रोग आधी गाठतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आजारी माणसांना दवाखान्यात पोचवत होत्या, मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

म्हणून बाळाला काही झालं असेल तर मावशी दारात येण्याआधी त्यांना फोन करून सांगायला हवं. "थोडी सर्दी आहे" असं नाही. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते नाव. त्यांच्या घरी तान्हं नातवंड असेल, सून गरोदर असेल, नवऱ्याची साखर वाढलेली असेल. गरोदर बाईला कांजिण्या होणं धोक्याचं असतं. "मी चार दिवस नाय येत" असं म्हणायचा त्यांना अधिकार आहे, आणि तेव्हाही पगार चालू राहिला पाहिजे, कारण रोग आपल्या घरात आहे. हे फार कमी घरांत होतं. मावशींच्या तापाची चौकशी करणारे आपण आपल्या बाळाच्या तापाची बातमी त्यांना देत नाही, कारण त्या आल्या नाहीत तर आपली पंचाईत होते. लपवणूक दोन्हीकडून चालते, एवढं मान्य केलं तरी बोलणं सोपं होईल.

रोग कुणाकडून कुणाला गेला याचा पंचनामा करू नये. कांजिण्यांची मुदत दहा ते एकवीस दिवसांची. त्या काळात मावशी एसटीत बसल्या, बाजारात गेल्या, बाळ डॉक्टरांकडे जाऊन आलं. कोण सांगणार? पण बाळ आधी आजारी पडलं आणि आठ-पंधरा दिवसांत मावशी पडल्या, तर शंकेचा फायदा त्यांना द्यावा आणि डॉक्टरांची फी आणि औषधांचे पैसेही घराने द्यावेत.

किती दिवस थांबायचं हे रोगावर असतं आणि इथे भीतीपेक्षा डॉक्टरांचं ऐकावं. फ्लूसारख्या तापात औषध न घेता चोवीस तास ताप आला नाही की बहुधा पुरे. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध लावायचं, पहिल्या उपचारानंतर दुसऱ्या दिवशी काम करता येतं. साथीची कावीळ आणि विषमज्वर अन्नपाण्यातून जातात, तेव्हा बाळाला भरवणाऱ्या हातांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायला हवं. आणि कोकणातल्या पावसात जे आजार नेहमी ऐकू येतात, लेप्टो, मलेरिया, डेंगू, ते माणसाजवळ बसल्याने लागत नाहीत. भातलावणीत चिखलात उभं राहिल्याने मावशींना लेप्टो झाला तर त्यांना औषधांची आणि विश्रांतीची गरज आहे, त्यांचा कप वेगळा ठेवण्याची नाही. बरं झाल्याचा दाखला आपल्याला हवा असेल तर त्या डॉक्टरची फी आपण द्यायची. त्यासाठी त्यांना सिव्हिलच्या रांगेत उभं करून वर तो दिवसही कापायचा, हे बरोबर नाही.

क्षयाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे आपलं वागणं सर्वांत वाईट असतं. मावशींना टीबी निघाला की आठवड्यात नवी बाई शोधली जाते आणि सोसायटीत बातमी पसरते, मग त्यांची उरलेली दोन घरंही जातात. खरं तर योग्य औषधं चालू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांकडून लागण होण्याची शक्यता फार कमी होते, आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार सहा महिने चालतात. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला खुराकासाठी महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हजार रुपयांत नऊ हजारांची जागा भरत नाही. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत जागा राखून ठेवणं, पगाराचा मोठा हिस्सा चालू ठेवणं, बाळाची आणि घरातल्यांची तपासणी करून घेणं, आणि तिचा आजार तिच्या परवानगीशिवाय कुणाला न सांगणं, एवढं कोणत्याही घराला जमण्यासारखं आहे. नोकरी जाईल या भीतीने खोकला लपवणारी बाई औषध उशिरा सुरू करते आणि तोपर्यंत तेच बाळ तिच्या मांडीवर असतं.

आता पैशांचा खरा प्रश्न. मूल सांभाळायला बाई ठेवणारं प्रत्येक घर श्रीमंत नसतं. रत्नागिरीत तर ती पुष्कळदा दोन मध्यम पगारांवर चाललेली, घराचा हप्ता भरणारी घरं असतात. मावशी आठ दिवस आल्या नाहीत तर आईला किंवा बापाला बिनपगारी रजा पडते, किंवा पाळणाघराचे वेगळे पैसे जातात, आणि वर मावशींचा पगारही द्यायचा. "आम्हाला तरी कोण देतं?" हा प्रश्न मी खोटा मानत नाही. तो मनापासून आलेला असतो.

त्यावर मला वाटतं, तरतूद आधी करावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का, मिळून चार टक्के भरतात. त्यातून उपचार होतात आणि आजारपणात वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात तो ऐंशी टक्के असतो. घरात काम करणारी मावशी या योजनेत नाही. पण तोच चार टक्क्यांचा हिशोब घराने स्वतः केला तर नऊ हजारांवर महिन्याला ३६० रुपये होतात, वर्षाला ४,३२०. म्हणजे साडेबारा दिवसांचा पगार बाजूला पडला. कांजिण्यांचे ते आठ दिवस त्यात बसतात आणि चार दिवस शिल्लक राहतात. आजार आला नाही तर दिवाळीला ते पैसे त्यांना द्यावेत किंवा पुढच्या वर्षाला ठेवावेत. महिन्याला ३६० कुणाला जड वाटत नाहीत. एकदम २,७७० जड वाटतात, म्हणून कापले जातात.

आणि तरीही नाहीच जमलं तर? तर निदान ते दोन प्रकारचे दिवस वेगळे ठेवावेत. आपण "येऊ नका" म्हटलेले दिवस पूर्ण पगाराचे, त्यात तडजोड नको. अंगात ताप असलेले दिवस वर्षाला निदान सात-आठ तरी भरपगारी, आणि त्यापुढे कारखान्यातल्या कामगाराला मिळतात त्या सत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ नये. मावशी दोन घरी जात असतील तर दोन्ही घरांनी आपापसात बोलून घ्यावं. एका घराने दिले आणि दुसऱ्याने कापले, तर त्या दुसऱ्या घरी ताप लपवून जातील आणि पहिल्या घराचा सगळा प्रयत्न वाया जाईल. हे सगळं पहिल्या दिवशी बोलायचं, पगार ठरवताना, हात कुठे धुवायचे आणि वरणात मीठ किती घालायचं हे सांगताना. "मावशी, ताप आला, पुरळ आलं, जुलाब लागले की फोन करायचा आणि यायचं नाही. पैसे कापणार नाही." तापाच्या सकाळी साडेसातला हे वाक्य उशिरा पोचतं.

खोटं सांगून रजा घेतील, अशी शंका काढली जाते. घेईल एखादी. पण जिच्या हाती आपण बाळ आणि घराची किल्ली देऊन नऊ तास निघून जातो, तिच्या तापावर विश्वास ठेवायला अडचण नसावी. आणि वर्षाकाठी दोन दिवस कुणी खोटे घेतले, तरी ते नुकसान एका लपवलेल्या लागणीपेक्षा पुष्कळ कमी आहे.

ही गोष्ट घरोघरच्या चांगुलपणावर किती काळ सोडायची, हा पुढचा प्रश्न. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्ट्या आणि बोनस हीच तेव्हाची मागणी होती. आज पुष्कळ घरांत दिवाळीला एक पगार बोनस देतात, तो आपोआप रूढ झालेला नाही. त्यामागे अशी भांडणं आहेत. दुकानाच्या बाबतीत कायदा झाला: महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने तेव्हा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा दिली. घर मात्र या सगळ्याबाहेर राहिलं. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने टाळेबंदीत पगार कापू नका असा आदेश काढला, त्यात उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापना होत्या, घरं नव्हती. तो आदेशही मे महिन्यात मागे घेतला गेला. फिलिपिन्सने २०१३ मध्ये घरकामगारांचा कायदा केला, त्यात वर्षभर नोकरी झाली की पाच दिवस भरपगारी रजा आणि सामाजिक विमा आहे. भारताने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घरकामगारांविषयीच्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी हे पाहायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. अठरा ते साठ वयाच्या घरकामगाराची त्यात नोंद होते, प्रसूतीसाठी आणि अंत्यविधीसाठी मदत मिळते, पंचावन्न वर्षांवरच्यांना दहा हजारांचं सन्मानधन दिलं गेलं आहे. माझ्या मते या मंडळाने संसर्गजन्य आजाराच्या दिवसांचा भत्ता सुरू करावा आणि घरांकडून थोडी वर्गणी घ्यावी, म्हणजे साळवी स्टॉपच्या त्या जोडप्यावर सगळा भार एकदम येणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लागले तेव्हा राज्याने घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. ते नोंदणी असलेल्यांसाठीच होते. ज्यांची नोंद नव्हती त्यांच्यापर्यंत ते पोचायचा रस्ताच नव्हता.

नोंदणीच्या अर्जाबरोबर, ही बाई आमच्याकडे काम करते, असा घरमालकाचा दाखला लागतो. सही केली तर उद्या काही अंगावर येईल, या धाकाने पुष्कळ घरं तो देत नाहीत. तो द्यावा. आणि अर्ज भरायला मावशींना कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत जावं लागलं, तर तो दिवसही पगारी धरावा.